बदलीवर घेतलेली सुई

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवालीच्या तराजूपासून ते उशिरा घरी आलेल्या नवऱ्याच्या शर्टापर्यंत मी सगळं दोनदा बघते. एकदा तर मलेरियाचं निमित्त सांगून नवऱ्याचंच रक्त काढलं होतं आणि दवाखान्यातल्या बायकांच्या रक्ताच्या बाटल्यांबरोबर ठाण्याला तपासायला पाठवलं होतं. रिपोर्ट स्वच्छ आला. त्यांना कसं कोण जाणे कळलं, आणि ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चूक माझीच होती, पण त्या कामात राहून संशय न येणारी बाई मला दाखवा.

मी भिवंडीतल्या एका छोट्या सरकारी प्रसूतिगृहात नर्स होते. आणीबाणीचा काळ. सोमवारी सकाळी गरोदर बायका तपासायला यायच्या. त्यांचं रक्त घ्यायचं, शिपाई ते एसटीनं ठाण्याला न्यायचा, आणि आठ-दहा दिवसांनी कागद परत यायचे. एखाद्या कागदावर आमच्या डॉक्टरीणबाई लाल पेन्सिलीनं गोल करायच्या. म्हणजे त्या बाईला गरमी. हा शब्द आम्ही तोंडातून काढत नसू. 'रक्तात दोष आहे' एवढंच म्हणायचं. हा दोष नवऱ्याकडून बायकोला लागतो आणि बायकोकडून पोटातल्या मुलाला. मूल पोटातच जातं, नाहीतर जन्मून जातं. त्यावर तेव्हा पेनिसिलिनची सुई होती, आठवड्याला एक अशा तीन. दुधासारखं घट्ट औषध, काचेच्या सिरिंजमधून ढकलताना सुई तुंबायची, आणि ज्याला टोचलं तो माणूस दोन दिवस धड बसू शकायचा नाही.

पण बायकोला सुया देऊन काम अर्धंच व्हायचं. नवऱ्याला दिल्या नाहीत की त्याच्याकडून तिला परत दोष लागणार आणि आम्ही परत पहिल्यापासून सुरू करणार. म्हणून नवऱ्याला बोलवून आणायचं. हे काम डॉक्टरीणबाईंनी माझ्या गळ्यात घातलं होतं, कारण माझी जीभ. नवरे काय काय सांगायचे! कुणी म्हणे, मुतारीत लागलं असेल. कुणी म्हणे, उष्ण खाल्लं. सगळ्यांचं एक वाक्य मात्र ठरलेलं, 'मी कुठं जात नाही हो बाई.' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. मी अशी काही झडती घ्यायची की दोन मिनिटांत माणूस खाली मान घालून कबूल व्हायचा. माझ्यासमोर खोटं टिकत नाही अशी माझी घमेंड होती.

पुरुषांना आम्ही दुपारी बोलवायचो. सकाळी बायका, दुपारी त्यांचे नवरे, म्हणजे दोघं समोरासमोर यायला नकोत आणि दवाखान्यात तमाशा व्हायला नको. पद्धत चांगली होती, निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

अशाच एका सोमवारी ती आली. पडघ्याच्या अलीकडच्या खेड्यातली शेतकरी घरातली सून, पाचवा महिना, अंगानं काटक, डोळे मात्र सारखे जमिनीकडं. तिच्याबरोबर सासू. बोलायचं काम सगळं सासूकडं.

"दोन गेली, बाय," सासू म्हणाली. "एक आठव्यात गेला, एक जन्मला त्याच दिशी गेला. आता यो तिसरा. यो बी गेला तं मी पोराचा दुसरा लगीन लावनार, सरल सांगते."

हे सगळं सुनेच्या देखत. मी तिच्या दंडाला रबर बांधलं तर सासू लगेच पुढं झाली. "रगत कशाला काढता? हितं म्हनं कायबी करतात."

"मावशी, तपासायला काढतेय. प्यायला नाही," मी म्हटलं. बाकावरच्या बायका हसल्या. सासू नाही हसली.

खरं तर तिचंही चुकत नव्हतं. तेव्हा सगळेच एकमेकांकडं संशयानं बघत होते. नसबंदीची शिबिरं जोरात होती. गावोगाव जीप फिरायच्या, कर्ण्यावरून गाणी वाजायची, आणि जीप दिसली की शेतातले गडी बांध ओलांडून पळायचे. आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा ह्या एवढा मोठा लाल त्रिकोण रंगवलेला. मलाही वरून तगादा होता, केसेस आणा म्हणून. सरकारी दवाखान्यात आलेला गडी धडधाकट बाहेर येईल का, याची लोकांना खरोखर खात्री नव्हती.

दहा दिवसांनी तिचा कागद आला. लाल गोल. दोन मुलं का गेली ते एका क्षणात कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे मूल वाचू शकतं. पण नवरा आलाच पाहिजे, सिस्टर. तो आला नाही तर हेही जाईल."

नवरा भिवंडीत यंत्रमागावर होता. रोज पडघ्याच्या गाडीनं यायचा, आठ ते आठ ड्युटी करून परत घरी जायचा. मी चिठ्ठी लिहायला बसले. कागद नव्हता. तेव्हा आमच्याकडं साध्या कागदाची नेहमीच मारामार, पण कुटुंब नियोजनाच्या पत्रकांचे गठ्ठे मात्र कपाटावर छतापर्यंत रचलेले. एका बाजूला छपाई, दुसरी बाजू कोरी. आम्ही सर्रास त्या कोऱ्या बाजूवर लिहायचो. औषधाची यादी, धोब्याचा हिशोब, सगळं त्यावरच. मी त्यातलंच एक ओढलं आणि वर नवऱ्याचं नाव घालून लिहिलं, 'सोमवारी दुपारी दवाखान्यात येणे. सुई घेणे अत्यंत जरुरीचे आहे.' ती कागदाची चौकशी करायला आली तेव्हा घडी घालून तिच्या हातात दिलं. "नवऱ्याच्याच हातात दे," म्हटलं. ती मान हलवून गेली.

सोमवारी सकाळी तिनं पहिली सुई घेतली. आवाज केला नाही, फक्त टेबलाची कड घट्ट धरली. आणि दुपारी, काय आश्चर्य, नवरा हजर. तिशी-पस्तिशीचा, केसांत कापसाची कुसं, पायात टायरच्या चपला. दारातच उभा. मी नाव विचारलं, त्यानं चिठ्ठीवरचं नाव सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. बायकोला कितवा महिना? तिथं तो अडखळला.

"बायकोला कितवा लागलाय ते ठाऊक नाही, आणि बाप व्हायला निघालात!" मी सुरूच झाले.

"पाचवा... पाचवा असंल."

"बरं. कुठं जाता? कुणाकडं?"

"मी कुठं जात न्हाय, बाय."

झालं! तेच वाक्य. मी त्याला असा काही फैलावर घेतला की बाहेर बसलेला शिपाई आत डोकावून गेला. दोन लेकरं तुझ्यामुळं गेली, बायको दुखणं सोसतेय, आई तिलाच बोल लावतेय, आणि तू इथं सोवळं नेसून उभा? अहो-जाहो केव्हा सुटलं ते मलाही कळलं नाही. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मध्येच एकदा म्हणाला, "खरंच न्हाय हो. देवाशपथ." मी म्हटलं, "देवाला मध्ये आणू नकोस, पालथा पड." त्याचं रक्त घेतलं, अंगाला सोसतं का ते हातावर थोडं औषध टोचून बघितलं, पंधरा मिनिटांनी सुई दिली. लंगडत गेला बिचारा. मी आता बिचारा म्हणतेय. तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

पुढच्या सोमवारी सकाळी ती दुसऱ्या सुईला आली. सासू बाहेर बाकावर होती. सुई झाल्यावर ती लुगडं नीट करत थांबली आणि हळूच म्हणाली, "बाय, गड्यांची सुई येगली असती का?"

"का गं?"

"मना दोन दीस बसवना. ह्यांना तं काय दुखला न्हाय. घरी आले नि मांडी घालून जेवले."

मी हसले. "अगं, गडीमाणसं कधी दुखलं म्हणून सांगतात का? मिजास असते."

ती पुन्हा काही विचारणार होती, असं मला आज वाटतं. पण मी पुढच्या बाईचा कागद हातात घेतला होता. संशयी म्हणवते मी स्वतःला! जिथं संशय घ्यायचा तिथं मी शहाणपणा शिकवत बसले.

दुपारी तो आला, सुई घेऊन गेला. तिसऱ्याही सोमवारी आला. मी प्रत्येक वेळी त्याला काही ना काही लागेल असं बोललेच. कार्डावर नवऱ्याच्या नावापुढं तीन बरोबरच्या खुणा झाल्या.

त्याच तिसऱ्या सोमवारी सकाळी त्याच्या रक्ताचा कागद आला होता. स्वच्छ. दोषाचा मागमूस नाही. मी कागद उलटा करून बघितला, नाव परत वाचलं. मग माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नवरा स्वच्छ, मग हिला हे आलं कुठून? इतकी खाली बघणारी, इतकी गप्प. गप्प बायकांचं काही सांगता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कधी कधी कागद चुकतो, सिस्टर. आपलं काम सुया देणं." पण मला ते पटलं नव्हतं. मी बाहेर आले तर सासू समोरच.

"माझ्या पोराच्या रगतात काय निंगला?"

"काही नाही. अगदी स्वच्छ आहे."

जीभ हासडून टाकावीशी वाटते आता. सासूनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग हळूहळू मान वळवून सुनेकडं. आणि सुनेनं सासूकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मी काय केलं? मीही तिच्याकडं तसंच बघितलं. जसं सासू बघत होती तसंच. त्यानंतर दोघी एसटी स्टँडकडं गेल्या. सासू पुढं, सून दहा पावलं मागं.

दोन महिने गेले. पोट चांगलं वाढत होतं, बाळाचे ठोके नीट होते. पण ती दर वेळी थोडी सुकून येत होती. हातावर भाजल्याचा डाग दिसला एकदा. विचारलं तर म्हणाली, "भाकर करताना." सासू आता तिच्याबरोबर आत येईनाशी झाली. बाहेर बसून बायकांना सांगायची, आमचा पोरगा सोन्यासारखा, कागदावर लिवून दिलाय.

सातवा संपता संपता परत रक्त पाठवलं. सुया झाल्या की त्या कागदावरचा दोषाचा आकडा उतरायला हवा. तिचा चढून आला होता, पहिल्यापेक्षाही वर. म्हणजे तिला कुणाकडून तरी पुन्हा दोष लागला होता. नवरा तर स्वच्छ, तीन सुया घेतलेला. मी तो कागद हातात घेऊन तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"आता खरं सांग," मी म्हटलं. "कोण आहे?"

"कोन म्हंजे?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. तुझ्या पोटातलं हे तिसरं जायला बसलंय. नवऱ्याशिवाय दुसरा कोण आहे ते सांग."

तिला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा आधी तिचा चेहरा पांढराफटक झाला आणि मग लालबुंद. इतके महिने जमिनीकडं बघणारी ती बाई सरळ माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "घरात सासू तेच बोलते. तुमी बी तेच बोला. मी घर नि शेत सोरून कुठं जात न्हाय. मना सुई दुखली, ह्यांना न्हाय दुखली. मी तुमाला तवाच इचारला व्हता. तीनी सोमवारी हे घरी आले नि मांडी घालून बसले. तुमी हसलात."

डोळ्यांसमोर तो आला. टायरच्या चपला, दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी घेणारा, शिपायानं हात दिलेला. ते दुखणं घेऊन कुणी संध्याकाळी मांडी घालून जेवायला बसणं शक्यच नव्हतं.

"तुझा नवरा दिसायला कसा आहे?" मी विचारलं.

"कसा म्हंजे? उंच हाय. हितं कपाळाला खोक हाय, मागाचा धोटा उरून लागल्याली."

माझ्या दवाखान्यात आलेल्या माणसाच्या कपाळावर काही नव्हतं. मी तीन सुया टोचल्या होत्या, तीनदा त्याच्या तोंडावर शिव्या घातल्या होत्या, कपाळ चांगलं पाठ होतं मला.

मी तिला बाकावर बसवलं, डॉक्टरीणबाईंना सांगितलं आणि तशीच पांढऱ्या साडीत कारखान्यावर गेले. भिवंडीत असून मी तोवर मागांच्या खात्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत शिरल्यावर आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. माणसं ओठांवरून आणि खुणांवरून बोलत होती. पांढरी साडी बघून दोघं-तिघं तर मागच्या दारानं सटकलेच. सगळ्यात कडेच्या मागांवर कपाळाला खोक पडलेला उंच माणूस होता, आणि दोन माग सोडून माझा तो टायरच्या चपलांवाला. त्यानं मला बघितलं, आणि तुटलेला धागा हातात धरून तसाच उभा राहिला.

दोघांना बाहेर पाण्याच्या पिंपाजवळ आणलं. "कोण कुणाच्या जागी आलं होतं?" एवढंच विचारलं.

नवरा पायानं माती उकरत राहिला. दुसराच बोलला. "बाय, मी ह्याचा बदली. यो सुट्टी घेतो तवा ह्याच्या मागावर मी उभा ऱ्हातो. काम माझा, पर कार्डावर नाव ह्याचा. तसाच समजून आलो."

आता बघा. दवाखान्यात यायचं म्हणून मागावर बदली ठेवतात सगळे. हा पठ्ठ्या स्वतः मागावर राहिला आणि बदली दवाखान्यात पाठवला! कार्डावर खूण पडली म्हणजे काम झालं, कुणी केलं ते कोण विचारतो. त्यांच्या जगात तसंच चालायचं. मी कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, पण का?" मी नवऱ्यावर ओरडले. "तुझं मूल आहे ना? तुझी बायको ना ती?"

त्यानं सदऱ्याच्या खिशातून एक घडी काढली. चुरगळलेली, घामानं मऊ झालेली. माझी चिठ्ठी. त्यानं ती उलगडली आणि माझं अक्षर असलेली बाजू नाही, दुसरी बाजू माझ्यासमोर धरली. वर मोठा लाल त्रिकोण, खाली आई, बाप, दोन हसरी मुलं.

"माझी दोन गेली," तो म्हणाला. "एक बी जित्ता न्हाय. आनि तुमी मना ह्या कागदावर बोलवता. सुई घ्या म्हनता. सुईनं भूल देतात नि कापतात, सगल्यांना ठाव हाय. तिसरा बी गेला असता तं मी काय करनार व्हतो?"

"आनि मना भ्याव नव्हता," बदलीवाला म्हणाला. "मना चार पोरा. माझी नसबंदी गेल्या साली झाल्याली हाय. मना परत काय कापनार? म्हनून मी गेलो."

हसू का रडू कळेना. त्या माणसानं तीन वेळा मला खरं सांगितलं होतं, कुठं जात नाही म्हणून. तेवढं एकच खरं मी खोटं ठरवलं. नाव खोटं होतं, ते मी तीन वेळा स्वतःच्या हातानं लिहिलं. आणि त्याच्या स्वच्छ रक्ताचा कागद दाखवून मी एका निर्दोष बाईला घरात चोर ठरवलं.

मी त्या नवऱ्याला सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, गरमी हा शब्द वापरून सांगितलं. तो आधी 'न्हाय' म्हणाला, मग म्हणाला, "दोन-तीनदा गेलो व्हतो. खात्यातल्या लोकांसंगं." दुसऱ्या दिवशी तो आला. ह्या वेळी बदली मागावर राहिला. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही पुन्हा तीन-तीन सुया सांगितल्या. मी तिला दारात उभी केली आणि विचारलं, "हाच का तुझा?" तिनं मान हलवली. त्यापुढं मी हा नियमच केला. बायकोनं ओळख पटवल्याशिवाय सुई नाही. आणि त्रिकोणाच्या कागदावर परत कधी चिठ्ठी लिहिली नाही, घरून वहीची पानं फाडून आणायची.

दुसऱ्या खेपेला ती आली तेव्हा म्हणाली, "आता पाटावर बसवत न्हाय त्यांना. उभ्यानं जेवतात." एवढंच. पण पहिल्यांदा तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

मी तिला म्हटलं, मी सासूला सांगते. नवऱ्यानं हात जोडले. "नको बाय, आय मना घरात घेनार न्हाय. मी सांगन. बालंतपन होऊ द्या." मी ऐकलं. ऐकायला नको होतं. रोज तिला सासूचे बोल खावे लागत होते, आणि मी मात्र वचन पाळत होते.

नवव्यात ती आली. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपारी मोकळी झाली. मुलगा. क्षणभर आवाज नाही. मी त्याचे पाय धरून पाठीवर चापटी मारली, एक, दोन, आणि तिसऱ्याला त्यानं असा टाहो फोडला की मी टेबलाला टेकून रडले. चोवीस वर्षं नोकरी केली, बाळंतपणाच्या खोलीत तेवढी एकदाच रडले. ती उशीवरून मान उचलून विचारत होती, "जित्ता हाय? जित्ता हाय ना?"

बाळ दुपट्यात गुंडाळून मी बाहेर नेलं. सासू बाकावर, नवरा दाराशी. मी बाळ सासूपुढं धरलं. तिनं हात पुढं केले नाहीत. पदरात हात घट्ट धरून ती त्याच्या तोंडाकडं वाकून बघत राहिली. नाक, कान, कपाळ.

"कोनाचा हाय, ह्या आदी सांगा," ती म्हणाली. "तुमीच म्हनालात माझ्या पोराचा रगत साफ हाय."

बाकावरच्या बायका माना वळवून बघू लागल्या. बाळ माझ्या हातात वळवळत होतं. मी नवऱ्याकडं बघितलं. तो बाहेरच्या रस्त्याकडं बघत होता.

"इकडं या," मी म्हटलं. "इथं बदली चालत नाही. बोला."

मग तो आईसमोर आला आणि मान वर न करता म्हणाला, "आये, पोर माझाच हाय. दुखना बी माझाच व्हता. रगत दुसऱ्याचा दिला मी."

सासूनं त्याच्याकडं बघितलं. मग पदरातले हात सोडवले आणि बाळ घेतलं. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. आत खाटेवर सुनेला सगळं ऐकू गेलं होतं.

संध्याकाळी मी तिच्या खाटेशी गेले. म्हटलं, "चुकले गं मी. मला माफ कर." ती बाळाच्या कानावरचं तेल पुसत होती.

"त्या दुसऱ्या भावजींना लई बोललात ना तुमी?" तिनं विचारलं.

"हो."

"मना बी."

मी विषय बदलला, भित्र्यासारखा. म्हटलं, आता बाळालाही दहा दिवस रोज एक सुई द्यायला लागेल, घाबरू नकोस, लहान सुई असते, धोका नको म्हणून देतो.

तिनं मान वर केली. "कोन देनार?"

"मीच देणार."

"मंग मी हितं उभी ऱ्हाईन," ती म्हणाली. "बालाच्या सुईला मी बघनार. कार्डावर खून करताना बी बघनार."

पहिल्या दिवशी मी म्हटलं, अगं, ओली बाळंतीण तू, पडून राहा. ती उठली, खाटेच्या दांडीला धरून उभी राहिली आणि माझ्या हातांकडं बघत राहिली. औषधाची बाटली फोडली तेव्हा बघितलं, सुई आत गेली तेव्हा बघितलं, मी खूण केली तेव्हा कार्ड मागून घेऊन बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. दहाही दिवस ती तशीच उभी राहिली.